सिग्नलवर पाय निघाला नाही

पत्र थोडक्यात: मुलुंडच्या एक वाचक, वय ४७, बँकेत नोकरी. दोन वर्षांपासून रोड बाइक चालवतात. रविवारी पहाटे ग्रुपबरोबर ऐरोली पुलावरून पाम बीच रोडला जाऊन येणं हा आठवड्यातला त्यांचा हक्काचा वेळ. ग्रुपमध्ये सगळ्यांच्या सायकलींना क्लिपलेस पेडल आहेत, म्हणजे बुटाच्या तळाला लावलेली क्लीट पेडलमध्ये खटकन अडकते आणि पाय पेडलशी जोडला जातो. यंदा पाडव्याला त्यांनीही तसे बूट आणि पेडल घेतले, रस्त्याच्या सायकलींवर असतात ते मोठ्या प्लॅस्टिक क्लीटवाले. तेव्हापासून दोनदा पडल्या. एकदा सोसायटीच्या गेटसमोर, वॉचमनच्या देखत. दुसऱ्यांदा भांडुपला, एलबीएस मार्गावरच्या सिग्नलला. व्हिडिओत पाहिल्याप्रमाणे त्यांनी उजवा पाय सोडवला होता, सायकल मात्र डावीकडे कलंडली आणि 'ऐनवेळी पाय निघालाच नाही'. मागची रिक्षा वेळेत थांबली. कोपर सोललं, मनगट अजून दुखतंय. नवरा म्हणतो, विकून टाक. ग्रुपचे लीडर म्हणतात, तीनदा पडल्याशिवाय कुणी शिकत नाही, तुमची एक बाकी आहे. हिवाळ्यात ग्रुप २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राईड, करणार आहे, त्यांनाही जायचंय. त्या विचारतात, 'माझं वय झालं का? सोडून देऊ, की सवय होईपर्यंत पडत राहू?' ता. क. मध्ये आणखी एक तक्रार: चहाला थांबल्यावर टपरीसमोरच्या लादीवर या बुटांनी पाय सटकतो.

नमस्कार,

आधी मनगट. पत्रात तुम्ही ते दोन शब्दांत उरकलंय. अंगठा ताठ केला की त्याच्या मुळाशी एक खळगा दिसतो. तिथे दाबल्यावर दुखत असेल तर हाडांच्या डॉक्टरांकडे जा. पडताना हात टेकला की तिथलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडू शकतं, आणि ते फ्रॅक्चर पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसतही नाही. 'मुरगळलं असेल' म्हणत लोक बाम चोळत बसतात. पाळी जाण्याच्या आगेमागे बायकांची हाडं विरळ व्हायला लागतात, त्यामुळे तुम्ही तर हे अंगावर काढूच नका. सायकल कुठे पळून जात नाही.

वय झालं का? नाही. विशीतली, जिममध्ये जाणारी मुलंही हुबेहूब अशीच पडतात: सायकल जवळजवळ थांबलेली, चेहऱ्यावर आश्चर्य, आणि मग सगळं सावकाश एका बाजूला. कारण वयात नाही, सवयीत आहे. लहानपणी भाड्याच्या सायकलवर शिकल्यापासून तुमचा पाय एकच गोष्ट जाणतो, की तोल गेला की पाय वर उचलायचा आणि टेकवायचा. क्लीट वर ओढून सुटत नाही. टाच बाहेरच्या बाजूला वळवली तरच सुटते. ही युक्ती आली बर्फावरच्या स्कीमधून. लुक ही फ्रान्सची कंपनी स्कीची बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवणारा खटका, बनवायची, तिने १९८४ मध्ये तेच तंत्र सायकलच्या पेडलला लावलं आणि पुढच्याच वर्षी सायकलपटू बर्नार इनो त्या पेडलवर टूर द फ्रान्स जिंकला. वेगात माणूस पडतो तेव्हा अंगाला पीळ बसतो आणि पाय बहुतेक वेळा आपोआप सुटतो. सिग्नलला उभ्या उभ्या कलंडताना असा पीळ बसतच नाही, पाय सरळ सायकलबरोबर खाली जातो. म्हणजे नेमकं जिथे आपल्याला काही धोका वाटत नाही, तिथे काम आपणच करायचं असतं.

आता तुमच्या पडण्याकडे जरा बारकाईनं बघू. तुम्ही लिहिता, पाय निघालाच नाही. पण निघाला होता की, उजवा! अडकलेला होता तो डावा, आणि सायकल गेली त्याच बाजूला. उजवा पाय सोडवायला सांगणारे बरेचसे व्हिडिओ जिथे बनतात तिथे वाहनं रस्त्याच्या उजवीकडून चालतात, फुटपाथ उजव्या हाताला असतो. तिथे ते बरोबरच आहे. आपण डाव्या कडेनं चालवतो, रस्ता पाण्याच्या निचऱ्यासाठी कडेला उतरता असतो, त्यामुळे कडेनं थांबलेली सायकल मुळातच डावीकडे झुकते. म्हणून मुंबईत पहिला सुटायचा तो डावा पाय. शिवाय तोल गेलाच तर आपण फुटपाथकडे पडतो, बसच्या चाकाकडे नाही. आणि चेन असते उजवीकडे, तो पाय खाली आला की पोटरीवर काळ्या ग्रीसचे दात उमटतात, ते वेगळंच. आजपासून उजव्या पायाला सिग्नलला सुट्टी नाही असं ठरवून टाका. दरवेळी कुठला पाय सोडवायचा याचा विचार करावा लागला, की तिथेच उशीर होतो.

दुसरी गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण मला दाट शंका आहे. तुम्ही सीटवर बसून पाय टेकवत असणार. सीटची उंची योग्य असेल तर बसल्या जागेवरून पाय पूर्ण टेकत नाही, फार तर चवडा पोचतो. साध्या पेडलवर हे खपून जातं. क्लीटच्या बुटाचा तळवा कडक, त्याच्या टोकावर तोल राहत नाही. आणि म्हणून सीट खाली करून घेतली असेल, तर ती पुन्हा वर करा, नाहीतर महिन्याभरात गुडघे बोलायला लागतील. थांबायचं ते असं: सिग्नल लाल दिसतोय, अजून पन्नासेक मीटर आहेत. गिअर हलका करा. डावं पेडल खाली आणा, टाच बाहेर फिरवा, 'खट्' ऐकू आलं की पाय त्याच पेडलवर नुसता ठेवून द्या, लटकवू नका. हवं तर आणखी एकदोन हलके पेडल मारा. मग ब्रेक दाबत या आणि सायकल थांबायच्या क्षणी सीटवरून पुढे सरका, उजव्या पेडलवर उभं राहिल्यासारखं, आणि कंबर किंचित डावीकडे न्या. डावा पाय सपाट टेकतो. सगळी गंमत त्या पुढे सरकण्यात आहे.

दादर आलं की मग उठू, असं म्हणत लोकलमध्ये कुणी बसून राहत नाही. माटुंगा गेलं की दाराशी येऊन उभं राहावं लागतं. क्लीटचं तेच आहे. थांबायची वेळ आली की सोडवायचा नसतो, थांबावं लागेल असं वाटलं की सोडवायचा असतो. बस पुढे जात असेल आणि स्टॉप दिसला, तर ती डावीकडे दाबणारच. रिक्षावाल्यानं नुसती मान वळवून सवारीकडे पाहिलं तरी समजायचं की तो आता थांबणार, कुठलाही दिवा न देता. कडेला उभ्या गाडीत ड्रायव्हरच्या जागी कुणी दिसलं की दार उघडणार असं धरून चालायचं. सिग्नल हिरवा असला तरी किती वेळ हिरवा आहे हे माहीत नसेल, तर पाय मोकळा असावा. चारदा उगाच सोडवला आणि थांबावं लागलं नाही, तर काय बिघडतं? पुन्हा अडकवायचा.

पण ही सवय क्लीटची नाहीच. मुंबईच्या रस्त्यावर साध्या पेडलनं चालवणाऱ्यालाही ती लागते. फक्त साधं पेडल चूक पोटात घालतं आणि हे पेडल घालत नाही. दोन वर्षं तुम्ही चांगल्या चालवत होतात, तरी थांबण्याचा विचार शेवटच्या दोन मीटरमध्ये करत होतात, एवढंच या पेडलनं उघड केलं. ही सवय साध्या पेडलवर आधी पक्की करता येते, फुकटात, कोपर न सोलता. म्हणून 'सोडून देऊ की पडत राहू' हा पर्यायच मला पटत नाही. पडत राहिल्यानं कुणी शिकत नाही. पडणाऱ्याचं अंग पुढच्या सिग्नलला आखडतं, मान खाली जाते, नजर पेडलवर, आणि समोरची रिक्षा दिसायची राहते. तुमच्या लीडरना हे माझ्या वतीनं सांगा. तिसरं पडणं काही बाकी वगैरे नाही.

त्यांना आणखीही एक सांगा, कारण यात त्यांचंही काम आहे. ग्रुप राईडमध्ये सिग्नल दिसल्यावर पुढच्यानं 'सिग्नल, थांबतोय' असं वेळेत ओरडायला हवं. मागच्याला समोरच्याची पाठ सोडून काही दिसत नसतं. खड्डा हातानं दाखवतात तसं हे. आणि तुम्ही, निदान यंदा, पुढच्याच्या सायकलपासून एक-दोन सायकलींचं अंतर ठेवा. चिकटून चालवल्यावर वाऱ्याचा फायदा मिळतो हे खरं, पण तो पाम बीचच्या मोकळ्या पट्ट्यावर घ्या, एलबीएस मार्गावर नाही.

आता मूळ प्रश्न, जो तुम्ही विचारलेलाच नाही: हे पेडल तुम्हाला हवेत का? पत्रात कारण एकच दिसतं, सगळ्यांकडे आहेत. वेगासाठी घेतले असतील तर थोडी निराशा होईल. प्रयोगशाळेत एका ठरावीक, आरामाच्या जोरावर सायकल चालवायला लावून तुलना झाली आहे, तेव्हा साधे पेडल आणि क्लीट यांत खर्च होणाऱ्या ऊर्जेत फारसा फरक निघाला नाही. 'पाय वर ओढत चालवा' हा जो सल्ला दिला जातो, त्यानं तर दमायला जास्तच होतं. फायदा आहे तो वेगळा. पाय दरवेळी त्याच जागी राहतो, उभं राहून चढ चढताना किंवा जोर काढताना सटकत नाही, काँक्रीटच्या दणक्यांवर उडत नाही, पाचव्या-सहाव्या तासालाही त्याच कोनात फिरतो. लांबच्या अंतराला हे सुख आहे, मी नाकारणार नाही. पण २०० च्या बीआरएमला वेळ असतो साडेतेरा तास, म्हणजे चहा, पंक्चर, फोटो सगळं धरून ताशी १५ किलोमीटरच्याही किंचित कमी. क्लीट हवीच असा तिचा नियम नाही. तुम्ही साध्या पेडलवर ती पूर्ण केलीत तर पूर्ण केल्याचं कार्ड तेवढंच खरं असतं.

तुमच्या जागी मी असते तर विकलेही नसते आणि तसेच वापरलेही नसते. मे संपत आलाय. पहिल्या सरीनं रस्त्यावरचं ऑइल वर येतं, मग झेब्रा क्रॉसिंगचा पांढरा रंग, गटाराची झाकणं, खोदकामावर टाकलेले लोखंडी पत्रे, सगळं निसरडं. पेव्हर ब्लॉक खचतात आणि पाणी साचल्यावर खड्डा किती खोल ते कळत नाही. अशा वेळी पाय जोडलेला असावा असं मला अजिबात वाटत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये सराईत लोकही साधे पेडल लावतात आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. तेव्हा आत्ताच बदला. खिळ्यांसारखे छोटे दात असलेले चपटे पेडल घ्या आणि जरा कडक तळव्याचे बूट घाला, मऊ रनिंग शूज नकोत. स्वतः बदलत असाल तर एक ध्यानात ठेवा: डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेनं फिरवल्यावर सुटतात. हे न कळल्यानं लोक त्यावर लटकून ते आणखी घट्ट करतात. पावसाळाभर याच पेडलवर वर सांगितलेला सगळा सराव करायचा: गिअर हलका, डावी टाच बाहेर वळवल्यासारखी, पुढे सरकून थांबणं. अडकवायला काही नसलं तरी टाच फिरवायचीच. बघणाऱ्याला वेडेपणा वाटेल. वाटू दे.

दसऱ्याच्या सुमाराला पुन्हा क्लीट. पण तेव्हा शक्य असेल तर एसपीडी घ्या, म्हणजे बुटाला दोन बोल्टनी बसणारी छोटी क्लीट आणि तिचं पेडल. त्यात एका बाजूला क्लीट अडकवायची सोय आणि दुसऱ्या बाजूला सपाट असं पेडल मिळतं. तुमच्यासारख्या शहरातून बाहेर पडणाऱ्यांसाठी ते मला सगळ्यांत शहाणं वाटतं. मुलुंड ते ऐरोली पूल सपाट बाजूनं, पुढे मोकळा रस्ता लागला की अडकवायचं. सुरुवातीचे काही रविवार तर उजवा पाय अडकलेला आणि डावा सपाट बाजूवर, असंच चालवा. शिमानो या जपानी कंपनीच्या या प्रकारात एसएच-५६ नावाची मल्टी-रिलीज क्लीट येते, ती टाच बाहेर वळवण्याशिवाय इतर दिशांनाही सुटते. घाबरलेला पाय ज्या दिशेला झटका देतो, त्या दिशेला बऱ्याचदा. जोरात ओढून चालवणाऱ्याला ती नको वाटेल, तुम्हाला नाही. पेडलवर स्प्रिंगचा एक छोटा स्क्रू असतो, बहुधा ३ मिलिमीटरच्या ॲलन कीनं, म्हणजे षटकोनी किल्लीनं, फिरणारा. तो दोन्ही पेडलवर सगळ्यांत सैल बाजूला न्या.

नवीन खर्च करायचा नसेल, आणि पाडव्यालाच एवढे घातलेत तर नसणारच, तरी आहे त्यातही बरंच करता येतं. स्प्रिंगचा स्क्रू त्यांनाही बहुधा असतो. बूट उलटा करून क्लीटचा रंग बघा. शिमानोच्या तीन बोल्टच्या क्लीटमध्ये पिवळी पायाला ६ अंश हलू देते, निळी २, आणि लाल अजिबात नाही. लाल लावून दिली असेल तर पिवळी बसवा, गुडघ्यासाठी. बोल्ट आवळण्याआधी क्लीट अशी ठेवा की पेडलचा दांडा चवड्याच्या फुगीर भागाखाली किंवा त्याच्या किंचित मागे येईल, आणि बूट घालून खुर्चीवर बसल्यावर पाय जसे नैसर्गिक लोंबतात तोच कोन ठेवा. दोन पायांचे कोन वेगळे असू शकतात. मग सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दुपारी, गाड्या गेलेल्या असताना, भिंतीला हात धरून डाव्या पायाची खटखट करत बसा. अडकव, सोडव. कंटाळा येईपर्यंत नाही, कंटाळा आल्यानंतरही थोडं. त्यानंतर चालत्या सायकलवर, ठरवलेल्या खांबापाशी थांबणं. खांब ठरलेला हवा, 'वाटेल तिथे थांबेन' याचा उपयोग नाही.

निघण्याबद्दलही लिहायला हवं, कारण दुसऱ्या प्रकारचं पडणं तिथे होतं. गिअर जड राहिलेला, सिग्नल सुटला, मागून हॉर्न, उजव्या पायानं जोर दिला तर सायकल हलत नाही, आणि नजर खाली डाव्या पेडलच्या शोधात. म्हणून गिअर थांबण्याआधी हलका करायचा. उजवं पेडल वर-पुढे आणून त्यावर जोर द्या, सीटवर बसा, डावा पाय पेडलवर जसा पडेल तसा ठेवून चौक पार करा. अडकवायचा चौकाच्या पलीकडे. मधोमध नाही, कुणी कितीही घाई केली तरी.

नवऱ्याबद्दल: 'विकून टाक' यात त्यांचा विरोध सायकलला आहे की तुमच्या कोपराला बघून आलेली ही भीती आहे, ते तुम्हालाच माहीत. भीती असेल तर युक्तिवादानं जात नाही. एखाद्या दुपारी त्यांना पार्किंगमध्ये उभं करा आणि तुम्ही खांबापाशी कशा थांबता ते बघू द्या. मागची रिक्षा वेळेत थांबली नसती तर, हा त्यांच्या मनातला प्रश्न खोटा नाही, आणि त्याचं उत्तर धीरात नाही, डाव्या पायात आहे. पडताना हेल्मेट रस्त्यावर आपटलं असेल तर तेही बदला, बाहेरून नुसता चरा दिसत असला तरी. आतला थर्मोकोल एकदा दबला की पुन्हा फुगत नाही.

आणि टपरी. तुमच्या क्लीट प्लॅस्टिकच्या आहेत आणि तळव्याच्या खाली बाहेर आलेल्या आहेत, ओल्या लादीवर त्या सटकणारच. त्यांच्यासाठी रबरी कव्हर मिळतात, जर्सीच्या मागच्या खिशात जोडी मावते. सायकल भिंतीला लावली की आधी ती चढवायची, मग चहा. दोन बोल्टच्या बुटात क्लीट तळव्याच्या आत बसते, त्यात ही भानगड बरीच कमी. कव्हर न घालता चालत राहिलात तर प्लॅस्टिक झिजतं आणि झिजलेली क्लीट चढावर, उभं राहून जोर लावताना, नको तेव्हा सुटते. टोकं गोल झालेली दिसली की बदलून घ्या, आणि बोल्ट महिन्यातून एकदा ॲलन कीनं तपासा. ते सैल झाले तर टाच फिरते, क्लीट बुटाखाली गरगरते आणि पाय पेडलमध्येच राहतो.